उजवीकडचा पट्टा

परवा आमच्या गल्लीत मंडप उभा राहत होता. भाजी आणायला खाली उतरले, तर बांबूला ताणलेली एक दोरी हाताशी आली. सहज अंगठ्याने छेडून बघितली. ढिली होती. आणि ढिली आहे हे कळल्याबरोबर माझं डोकं सणकलं. दोरी बांधणाऱ्यावर नाही हो, त्या बिचाऱ्याचा काय संबंध! कासारेकाकांची आठवण आली की माझं असंच होतं. आधी राग येतो, माणूस मागून आठवतो. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड ना आता. का सोडू?

लालबागला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर प्रकाश परबचा गाळा होता. गिरण्यांचा संप मोडून तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली असतील. प्रकाशने कर्ज काढून लेझर कटिंगचं मशीन घेतलं होतं. दारावरच्या पाट्या, ट्रॉफ्या, लग्नाच्या पत्रिकांची नक्षी आणि गणपतीच्या आधी मखरांच्या जाळ्या, असं सगळं कापून द्यायचो. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचे. मशीन चालवायला एक ऑपरेटर होता. आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत प्रकाशचे वडील, दत्ताराम परब, सकाळपासून पेपर उघडून बसलेले असायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपात गेले ते गेलेच, परत कामावर कोणी बोलावलं नाही. त्यांच्या बोलण्यात गिरणी आली नाही असा एक चहा मी त्यांच्याबरोबर प्यायले नाही.

कासारेकाकांना गाळ्यात आणलं ते आबांनीच. हे आधी सांगून ठेवते. "आमच्या मिलचो माणूस हा. संपात माझ्याबरोबर तुरुंगात होतो. घे त्याका," असं त्यांनी प्रकाशला सांगितलं, माझ्यासमोर. मग कासारेकाका आले. उंच, हाडकुळे, दाढी रोज गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. संपानंतर त्यांनी गॅसच्या टाक्या पोहोचवल्या, वॉचमनकी केली, एका लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. आमच्याकडे त्यांचं काम काय, तर कापून झालेल्या अॅक्रिलिकवरचा कागद सोलायचा, कडा पुसायच्या, पॅकिंग करायचं. बोलायचे एवढ्या मोठ्याने की समोरच्या गाळ्यातला माणूस तिकडून उत्तर द्यायचा. गिरणीच्या खात्यात मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, ती कुठे जाणार?

दुसरी सवय अंगठ्याची. ताणलेलं काहीही दिसलं की अंगठ्याने छेडून बघायचं. पार्सलची सुतळी, गॅलरीतली कपड्यांची दोरी, बसमधली घंटीची दोरी, माझ्या डब्याचं रबर. एकदा प्रकाशच्या गळ्यातली आयकार्डाची फीत छेडली. छेडून झालं की निकाल द्यायचे, "ढिला." नाहीतर, "ठीक." क्वचित, "मरेल हा." मरेल म्हणजे फार ताणलंय, तुटेल. मी विचारलं, "काका, हे काय वेड?" तर म्हणाले, "बाय, अठरा वर्षं मी टेपवाला होतो."

टेपवाला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सूत कातायच्या खात्याला ते रिंग खातं म्हणत. तिथल्या फ्रेमवर चात्यांची, म्हणजे सूत पिळत फिरणाऱ्या उभ्या सळ्यांची, रांग असते आणि त्या चात्यांना फिरवायला सुती पट्टी असते, दोन बोटं रुंद. ती टेप. टेप सैल पडली की चाती मंद फिरते, सुताला पीळ कमी बसतो, कच्चं सूत तुटत राहतं. टेप तुटली की शिवायची, चढवायची, पुलीने ताण द्यायचा, छेडून बघायची आणि पुढच्या फ्रेमवर पळायचं. सगळ्या फ्रेमा आपल्या, पण एकही फ्रेम आपली नाही. मशीनवर उभा राहतो तो मशीनवाला. हे त्याच्या मागे वाकून पट्ट्या शिवणारे.

त्यांना मशीन हवं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली त्या माणसाने, आणि ती म्हणजे साचा, माग. विणाई खात्यात पगार जास्त, मान जास्त. काकांच्या वडिलांच्या काळात तर उघड सांगत की तुमच्या जातीला साचा मिळणार नाही. का, तर साच्यावर धोट्यातली, म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नावेतली, कांडी बदलली की नव्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं असतं. आज याने ओढला, उद्या तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. "मग आमच्या तोंडाचा धोटा त्यांच्या तोंडाला कसा चालेल?" काका विचारायचे आणि मोठ्याने हसायचे. मला हसू यायचं नाही. काकांच्या स्वतःच्या वेळेपर्यंत असं कोणी तोंडावर बोलत नव्हतं. ते अर्ज घेऊन गेले की फक्त म्हणायचे, जागा नाही. त्याच आठवड्यात कोकणातून आलेला कोणाचा तरी भाचा साच्यावर उभा दिसायचा. पुन्हा अर्ज, पुन्हा जागा नाही. मग संप झाला आणि साचाही गेला आणि टेपही गेली.

"संपात मात्र सगळे एक होतो हां," ते म्हणायचे. "मोर्चात पकडलं, तुरुंगात टाकलं, तर एका बराकीत. पाण्याला एक मग. दत्ताराम प्यायला की मी, मी प्यायलो की दत्ताराम." आबा पेपरमागून हुंकार द्यायचे. मला तेव्हा हे ऐकायला फार आवडायचं.

काका चांगले होते, गरीब होते, शांत होते असं काही समजू नका. महातापट माणूस. बढाईखोर पण. चहात साखर कमी पडली तरी भांडण. ऑपरेटरला तर त्यांनी जीव नकोसा केला. कागद सोलता सोलता मशीनकडे डोळा ठेवायचे आणि इथूनच ओरडायचे, "अरे, उजवीकडून आवाज येतोय बघ! अरे, झोपलास का?" ऑपरेटर म्हणायचा, "काका, तुम्ही पॅकिंग करा ना." झालं. अर्धा तास आमच्या कानांचं भजं.

दसऱ्याचा किस्सा सांगते. आमच्याकडे मशीनची पूजा व्हायची, गिरणीत व्हायची तशीच. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. आबा सोवळ्यातल्यासारखे कडक होऊन उभे. प्रकाशने काकांच्या हातात नारळ दिला, कौतुकाने दिला, तुम्ही मोठे आहात म्हणून. काका म्हणाले, "मी पूजा करत नाही. आमच्यात नाही." आबा म्हणाले, "एक नारळ फोडून काय तुझो बुद्ध रागवतलो?" काका नारळ खाली ठेवून आत गेले, धुतलेलं फडकं आणलं आणि सगळं मशीन पुसायला लागले. काच, कडा, आडवा दांडा, खालची जाळी, सगळं. आम्ही प्रसाद हातात घेऊन उभे आणि हा माणूस वाकून पुसतोय. पुसून झाल्यावर म्हणाले, "झालं माझं. आता घाला हार." आबांनी त्यानंतर दिवसभर त्यांच्याशी शब्द काढला नाही. मला आबांचा पहिल्यांदा राग आला तो त्या दिवशी.

पुढच्या पावसाळ्यात मशीनने नाटकं सुरू केली. गोल कापायला दिला की अंडं यायचं. चौकोनाचे कोपरे जुळेनात. ऑपरेटर रोज शिव्या खाऊन कंटाळला होताच, त्याला वसईला दुसरीकडे काम मिळालं, तो गेला. कंपनीचा मेकॅनिक म्हणाला, सीझन आहे, गणपती झाल्यावर येतो. गणपती झाल्यावर येऊन काय आमची आरती ओवाळणार होता? सगळं काम गणपतीच्या आधीचं! प्रकाश डोकं धरून बसला. काका उठले आणि म्हणाले, "पट्टे ढिले पडलेत. मला दे."

मशीनचं असं असतं. किरण सोडणारं तोंड एका आडव्या दांड्यावर डावी-उजवीकडे सरकतं. तो अख्खा दांडा पुढे-मागे सरकतो दोन पट्ट्यांवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. पट्टे रबराचे, आतून दाते असलेले. ते सैल पडले की दांडा थांबायला हवा तिथे थांबत नाही, गोलाचं अंडं होतं.

प्रकाश म्हणाला, "काका, एक बिघडलं तर मी रस्त्यावर येईन." आबा खुर्चीतून म्हणाले, "अरे, तो टेपवालो. त्याका मशीनचा काय कळता?" मी म्हटलं, "आबा, तुम्हाला कळतं का? कळत असेल तर उठा." माझं तोंड असंच आहे, पहिल्यापासून. प्रकाश कसंनुसं हसला आणि हो म्हणाला.

काकांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग हाताने दांडा पार मागे ढकलला. मी कंपनीचं माहितीपत्रक कॉम्प्युटरवर उघडून मोठ्याने वाचत होते. पुलीच्या बाजूचा धरणारा स्क्रू सैल करा, मग ताणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवा. काका कसले थोडा फिरवतायत, गिरणीच्या सवयीने चांगला करकचून आवळला. मशीन चालू केलं तर मोटर कण्हायला लागली. "बंद कर, बंद कर! मरेल हा!" स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा सगळं सैल केलं. मी म्हटलं, "काका, यात लिहिलंय, दात्यांचा पट्टा आहे, तो दात्यांनी धरतो. टेपेसारखा आवळायची गरज नाही." म्हणाले, "मग आधी का नाही वाचलंस?" आधीच वाचलं होतं! पण त्या वेळी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मग नीट केलं. एक बाजू किंचित फिरवायची, अंगठ्याने छेडायची. दुसऱ्या बाजूला जायचं, ती छेडायची. पुन्हा पहिली. माणूस मशीनभोवती फेऱ्या घालत होता. "दोघांचा सारखा पाहिजे बाय. एक कडक आणि एक ढिला, तर दांडा तिरका पळतो. चौकोनाचा पतंग होईल." मला पण छेडायला लावलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, मग हळूहळू अंगठ्याला कळायला लागलं. शेवटी दांडा हाताने पुढे-मागे करून बघितला, कुठे अडकत नाही ना ते. पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला, दोऱ्याने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापला, तोच दोरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरला. बरोब्बर. मग गोल कापला. गोल आला. काकांनी तो गोल आबांच्या पेपरवर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "बघ, दत्ताराम. अंडं आहे का?" आबांनी तो बाजूला सरकवला आणि पेपर वाचायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून काका मशीनवर. प्रकाशने सांगितलं, "आता तुम्हीच चालवा." मी त्यांना बटणं शिकवली, फाइल कशी उघडायची ते शिकवलं. चुका करायचे, माझ्यावरच ओरडायचे, पण शिकले. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते. फोनवर बायकोला सांगत होते, अख्ख्या इस्टेटला ऐकू जाईल असं, "मशीनवर आहे मी! मशीनवर! नंतर फोन कर!"

त्याच दिवसांत आम्ही एका दुकानाची पाटी द्यायला मॉलमध्ये गेलो. मॉल कुठला, तर त्यांच्याच गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला. काका आत शिरले आणि सरळ चालत सुटले. मग सरकत्या जिन्यापाशी थांबले. "इथे आमचं खातं होतं," म्हणाले आणि जिन्याच्या बाजूचा तो काळा रबरी कठडा सरकत असतो ना, त्याला अंगठा लावला. दाबून बघितला. "ढिला," म्हणाले. मागे माणसं जमायला लागली. सिक्युरिटीवाला आला. "काका, साइड हो जाओ, रस्ता मत रोको." काका फिरले. "ए, मैं इधर खडा था तब तेरा बाप भी नहीं आया था बंबई! मेरेको साइड बोलता है?" सिक्युरिटीवाल्याने हात धरला. मी मध्ये पडले, त्याला चार शब्द सुनावले, पाटी दिली आणि काकांना बाहेर काढलं. बाहेर येऊन ते फुटपाथवर उभे राहिले. चेहरा लाल. म्हणाले, "तो पोरगा नोकरी करतो, त्याच्यावर काय ओरडायचं? पण मग कोणावर ओरडू, सांग."

आणि मग ते झालं. गाळ्याखालच्याच गल्लीतल्या मंडळाच्या मखराच्या जाळ्या कापायच्या होत्या. आबा त्या मंडळाचे जुने कार्यकर्ते, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मखर माझ्या मुलाच्या गाळ्यातून येणार. काम अर्ध्यावर आलं आणि उजवीकडचा पट्टा तुटला. जुनाच होता, कडा आधीच झिजल्या होत्या. नवा पट्टा दुकानात नव्हता, मागवला तर मूर्ती मंडपात आल्यावर मिळाला असता. प्रकाशने फोन करकरून बोटं दुखवून घेतली. काका म्हणाले, "मी शिवतो."

मी म्हटलं, "काका, रबर आहे हे. शिवतात कुठे?" म्हणाले, "आख्खी मिल शिवून चालवली आहे मी." घरून जाड सुई आणि मेणाचा दोरा आणला. तुटलेली दोन टोकं जुळवली, पाठीवर जुन्या पट्ट्याचा तुकडा ठेवला आणि गिरणीत टेप शिवायचे तशी शिवण घातली. एवढी सुबक शिवण मी कधी पाहिली नाही. पट्टा चढवला, ताण दिला, दोन्ही बाजू छेडल्या. चाललं मशीन! प्रकाशने त्यांना मिठी मारली. जाळ्या कापून झाल्या, मंडळाची पोरं घाईघाईने टेम्पोत घालून घेऊन गेली.

मखर उभं केलं तेव्हा दिसलं. शिवणीचा भाग पुलीवरून जाताना दांडा किंचित उडी मारत होता. प्रत्येक जाळीत, त्याच एका जागी, कमळाच्या पाकळीला एक खाच. एका जाळीत असती तर कळली नसती. ओळीने लावल्यावर खाचांची रेघच दिसायला लागली. मंडळाच्या पोरांनी आबांना बोलावून दाखवलं. सगळ्यांसमोर.

आबा गाळ्यात आले ते काठी आपटत. काका मशीनवर होते, मी बाजूला, प्रकाश फोनवर. काकांना कळलं होतंच. उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. टेप गोल फिरते, तिला शिवण चालते. इथे दाते आहेत, इथे चालत नाही. माझ्या डोक्यात आलं नाही. जाळ्या मी परत कापून देतो, पट्टा आला की." एवढं सरळ. त्या माणसाच्या तोंडून चूक माझी हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. तिथे विषय संपायला हवा होता. आबा म्हणाले, "म्हणानच तुमच्यातल्यांका साच्याक हात लावूक देय नव्हते."

मशीन चालू होतं. काकांनी आधी मशीन बंद केलं. मग बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "तुरुंगात एका मगातून पाणी प्यायलास, दत्ताराम. तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?" आबा म्हणाले, "तो संप होतो." काका म्हणाले, "अच्छा." फडकं घडी करून मशीनवर ठेवलं आणि खाली उतरून गेले.

मी आबांना काय काय बोलले ते लिहीत नाही. प्रकाश मध्ये आला, "सुलू, जाऊ दे, म्हातारे आहेत, जुन्या काळातले आहेत." जुन्या काळातले! कासारेकाका कुठल्या काळातले होते मग? तेही त्याच गिरणीतले, त्याच संपातले. प्रकाशला मी त्या दिवसापासून नावाने हाक मारली नाही, परबशेठ म्हणायला लागले. त्याला ते लागायचं. लागू दे.

गणपती बसले. मखराच्या खाचांवर झेंडूच्या माळा सोडल्या, कोणाला काही कळलं नाही. नवा पट्टा आला. परबशेठने तो स्वतः चढवला आणि चौकोनाचा पतंग व्हायला लागला. एक बाजू कडक, एक ढिली. मीही प्रयत्न केला, पण माझ्या अंगठ्याला अजून पुरतं कळत नव्हतं. पाट्यांची कामं तटली. मग शेठ मला म्हणाला, तू जा काकांकडे, तुझं ऐकतील.

मी नायगावला गेले. काका गॅलरीत बसून कांदे निवडत होते. मी म्हटलं, "काका, बोलवायला आलेय, पण तुम्ही येऊ नका. नाही यायचं. मला पाठवलंय म्हणून आले." ते हसले. "येतो की. पट्टा लावायचाय ना? येतो. पण दत्ताराम असताना येतो. त्याला सांग, जागेवर राहा म्हणावं." मला वाटलं, आता काका भांडणार. मनातून खूशच झाले मी.

ते दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट. आबा खुर्चीत होते. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, मेन स्विच बंद केला, दांडा मागे ढकलला, एलन-की, म्हणजे स्क्रू फिरवायची वाकडी चावी, घेतली आणि डावीकडच्या पट्ट्याचा ताण लावला. सावकाश. फिरवायचं, छेडायचं, फिरवायचं, छेडायचं. शेवटी म्हणाले, "ठीक." मग उठून आबांसमोर आले आणि एलन-की पुढे धरली.

"उजवीकडचा तू लाव."

आबांना समजलं नाही. "मी?"

"तू मशीनवाला ना? मी तिकडे डावीकडे छेडत राहतो, तू इकडे उजवीकडे छेड. दोन्ही सारखे लागले की मी सांगतो. दोन माणसं लागतात याला, दत्ताराम. माझा हात लागलेलंच मशीन आहे हे. बघ, तुझा लागतो का."

शेठ पुढे झाला. "काका, मी लावतो ना, द्या इकडे."

"तू नाही रे बाबा. तुझ्याशी माझं काही नाही. तो."

खरं सांगते, मला वाटलं, आबा उठतील. अहो, काय लागणार होतं? उठायचं, चार पावलं यायचं, वाकायचं आणि एक स्क्रू फिरवायचा. माफी माग असं कोणी म्हणत नव्हतं. आबांनी एलन-की हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. आणि मग म्हणाले, "वाकूक जमणा नाय माका. गुडघे दुखतत."

काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं." माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, अंगठ्याला सवय कर. जमेल तुला." आणि गेले. एलन-की आबांच्या मांडीवर तशीच.

मी खिडकीत धावले. काका रस्त्यावर आले, मंडपाशी. तिथे ताणलेली एक दोरी होती, जाता जाता अंगठ्याने छेडली. वर चढलेल्या माणसाला ओरडून सांगितलं, "ए, ढिली आहे रे ही!" तो माणूस खाली उतरून दोरी आवळायला लागला. काका तो आवळेपर्यंत थांबले, पुन्हा छेडून बघितली आणि बसस्टॉपकडे गेले. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. पुढच्या वर्षी मी नायगावला गेले तेव्हा ते या जगात नव्हते.

उजवीकडचा पट्टा आमच्यातल्या कोणीच लावला नाही. दिवाळीच्या तोंडावर मेकॅनिक आला, त्याने लावला.

पण मला राग येतो तो काका पट्टा लावायला आले, त्याच दिवशीच्या संध्याकाळचा. मी गाळ्यातून निघाले तर खाली आरती चालली होती. आबा पहिल्या रांगेत होते, काठी नातवाकडे देऊन. सगळ्या आरत्या उभ्याने म्हटल्या, टाळ्या वाजवत, देवे, मंत्रपुष्पांजली, सगळं. आणि शेवटी मखरासमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला.